परीक्षा चालू असताना आलेलं स्थळ

नीट आखून केलेलं काम बिघडत नाही, असं माझं ठाम मत होतं. हे मत मी न मागता देत असे, आणि समोरचा गप्प झाला की त्याला पटलं असं समजत असे. त्यामुळे जानेवारीतल्या त्या बुधवारी जे झालं त्याचा दोष मी माझ्या आखणीला देणार नाही. आखणी उत्तम होती. माणसं वाईट होती असंही म्हणवत नाही, कारण त्यातली निम्मी माझ्या नात्यातली आहेत. पण मी अजून रागात आहे, आणि हे लिहायला बसण्याचं तेवढंच कारण आहे.

आधी गाव सांगते. आमचं माहीम पालघरजवळचं, केळव्याच्या शेजारचं. वाड्या, पानवेली, नारळ-सुपारी, पलीकडे समुद्र. मुंबईतलं माहीम वेगळं. हे सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. पुण्यातल्या ऑफिसमधले माझे मॅनेजर प्रफुल्ल सर यांनाही मी अनेकदा सांगितलं, नकाशा पाठवला, तरी वाडीत नेट गेलं की ते विचारायचे, माहीमसारख्या भरवस्तीत नेट जातंच कसं? मी म्हणायची, सर, इथे भर आहे ती सुपारीची.

अण्णा, म्हणजे माझे वडील, दिवाळीनंतर गेले. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. मी पुण्याहून आले ती इथेच राहिले. रजा संपली, मग घरून काम करायची तात्पुरती सवलत मिळाली, मग तीही संपत आली. तेव्हा सरांनी एक वाट दाखवली. आमच्या कंपनीत डेटा स्ट्रीमिंग सांभाळणारी एक टीम आहे, ती कायम घरून काम करते. त्या टीममध्ये जायचं तर एका क्लाउड कंपनीचं सर्टिफिकेशन लागतं. महिनाअखेरीला पास झाले तर मी कायमची माहीमला, आईजवळ. नाही तर एक तारखेला पुण्यात हजर, आणि आई या घरात एकटी. म्हणजे परीक्षा माझी असली तरी ती आईसाठी होती. आईला काय हवं ते मी विचारलं नाही. उघड गोष्टी कोण विचारत बसतं?

डेटा स्ट्रीमिंग म्हणजे काय, ते मात्र मी तिला बसवून समजावलं. कोणी पैसे पाठवले, कोणी गाडी बोलावली, कोणी साडी मागवली की त्याचा एक निरोप तयार होतो. असे लाखो निरोप सतत वाहत येत असतात. ते रांगांमध्ये लावायचे, हरवू द्यायचे नाहीत, ज्याचे त्याला पोचवायचे. यंत्रं सगळी क्लाउड कंपनीची; पण कुठली रांग तुंबली, कोण उचलायला मागे पडलं, यावर नजर ठेवायला माणूस लागतो. तो माणूस मी होणार. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ओटीवर सातपाटीची माणसं येऊन बसलीत, त्यांच्या चहाची रांग कोण बघणार?

हाच तर खरा त्रास होता. तेरा दिवस झाले, महिना झाला, तरी भेटायला येणारी माणसं थांबेनात. अण्णांनी वाडीवाल्यांच्या सोसायटीत जन्म घालवला होता. विड्याची पानं विकत घेणाऱ्यांपासून सातपाटीच्या होडीवाल्यांपर्यंत सगळ्यांशी त्यांचं बोलणं. ज्याला जेव्हा कळलं तेव्हा तो आला. येताना सगळे तीच तीन-चार वाक्यं घेऊन येत. माझ्या अभ्यासात एक प्रकरण होतं: निरोप निदान एकदा तरी पोचेलच अशी हमी द्यायची असेल, तर तो कधी कधी दोनदा पोचतो हे सोसावं लागतं. हे प्रकरण मला वाचावंच लागलं नाही. 'अण्णा देवमाणूस होता' हा निरोप आमच्या ओटीवर एकाच माणसाकडून येताना एकदा, चहाबरोबर एकदा आणि मध्ये कोणी नवीन आलं तर पुन्हा पहिल्यापासून पोचत असे.

त्यात आमच्याकडची रीत अशी की दुखवट्याच्या घरून उठताना 'येतो' म्हणत नाहीत. माणूस गुपचूप उठतो, चपला घालतो आणि निघून जातो. मी आत सराव परीक्षेला बसलेली. बाहेर गप्प झालं की माणसं गेली असं समजून मोठ्याने उत्तरं पाठ करायला लागायची: "आधी बघायचं रांग कुठे अडलीय, मग बघायचं उचलणारा जिवंत आहे का." की लगेच ओटीवरून कोणीतरी पुटपुटायचं, पोर एकटीच बोलते हो. धक्का बसलाय. त्यानंतर दोन बायका आत येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, रडून घे बाय, मोकळी हो. मला मोकळं व्हायला वेळ नव्हता. माझ्या सराव परीक्षेचं घड्याळ चालू असायचं.

मग मी आखणी केली. आमच्या आळीत बुधवारी दुखवट्याच्या घरी कोणी पाऊल ठेवत नाही. का, ते कोणालाच माहीत नाही. विचारलं तर 'नाय जात' एवढंच उत्तर मिळतं. पण पाळतात सगळे. म्हणजे आठवड्यातला एक दिवस आमचं घर रिकामं असण्याची हमी होती, आणि एवढी खात्रीची हमी तर क्लाउड कंपनीही देत नाही. मी परीक्षेची वेळ बुधवारी सकाळची घेतली.

परीक्षा घरूनच द्यायची होती, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर. पलीकडे एक माणूस तुमच्यावर नजर ठेवून बसतो. नियमांचं पत्रक वाचून माझं डोकं तापलं. खोलीत दुसरं कोणी नको. बाहेरून आवाज नको. टेबलावर काही नको. नजर पडद्यावरून हलवायची नाही. ओठ हलवायचे नाहीत. पाणी प्यायचं तर पारदर्शक बाटलीतून, तिचं लेबल सोलून. तुरुंगातल्या माणसाला निदान भेटायला येणाऱ्यांची वेळ ठरलेली असते.

मी अण्णांची खोली निवडली, कारण नेटची पेटी तिथे आहे आणि तिची एकुलती एक खिडकी मागे वाडीत उघडते. तिथे माणूस फिरकत नाही. कडी मात्र मोडलेली. अण्णा ती 'उद्या' बसवणार होते. म्हणून मी आईला ओटीवर बसवलं आणि सूचना दिली: कोणीही आलं तरी आत सोडायचं नाही. आई म्हणाली, बुधवारी येतंय कोण? मी म्हटलं, तेच तर.

ठरल्या वेळी लॅपटॉपमधून आवाज आला. नाव त्याने भाग्येश सांगितलं, पुढचं सगळं इंग्रजीत. ओळखपत्र दाखवा. चारही भिंती दाखवा. टेबलाखालची जमीन दाखवा. चष्मा काढून दाखवा. केस मागे घ्या, दोन्ही कान दाखवा. बाह्या वर करा, हात पुढून दाखवा, आता मागून. माझ्या येसूआत्याला बघायला आले होते तेव्हा तिला भर अंगणात चालून दाखवायला लावलं होतं आणि वेणी सोडायला सांगितली होती. ते ती अजून विसरलेली नाही. मला चालायला सांगितलं नाही. खुर्चीवरून उठायला बंदी होती म्हणून.

सगळं झालं असं वाटलं, इतक्यात तो म्हणाला, "तुमच्या मागे कोण आहे?"

मागे वळायची परवानगी मागितली, ती मिळाली. मागे भिंतीवर अण्णांचा फोटो होता. सोसायटीच्या सभेत काढलेला. कोणीतरी काहीतरी चुकीचं बोलतंय आणि ते बोलून होईपर्यंत आपण थांबलोय, असा चेहरा.

"माझे वडील," मी म्हटलं.

"त्यांना बाहेर जायला सांगा."

मी आयुष्यात बरंच वाचलं आहे. त्या घटकेला उपयोगी पडेल असं एक वाक्य मला आठवलं नाही. शेवटी एवढंच म्हटलं की तो फोटो आहे. मग त्याने सांगितलं की सॉफ्टवेअरला तो माणसाचा चेहरा वाटतो आणि ते दर मिनिटाला तक्रार करत राहील, तेव्हा फोटो उतरवा किंवा उलटा करा. फोटो उतरवता येण्यासारखा नव्हता. आमच्या सुताराने तो वादळात घर उडालं तरी राहील असा तारेने आवळला होता. मी खुर्चीवर चढले आणि तारेवरच फिरवून अण्णांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. गृहपाठ न आणलेल्या मुलासारखं.

मग परीक्षा सुरू झाली, आणि खरं सांगते, छान चालली होती. निरोप किती दिवस ठेवून मग पुसायचे, यंत्र बंद पडलं तर त्याची प्रत कुठे असायला हवी, सगळं झरझर येत होतं. मी मनातल्या मनात माहीमची कायमची रहिवासी झाले होते.

त्याच वेळी आमच्या दारात एक रिक्षा थांबली, हे मला नंतर कळलं. रिक्षातून येसूआत्या उतरली. आत्या अण्णांची धाकटी बहीण, जवळच्या पाम गावात असते. तिच्या मागून बोईसरच्या पुष्पलताबाई उतरल्या आणि त्यांच्या मागून त्यांचा मुलगा मितेश, इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. आत्याने माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. आई किंवा बाप गेला की मुलीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाही तर तीन वर्षं थांबायचं, ही रीत तुम्हाला ठाऊक असेल. मी तिशी ओलांडलेली. भावाच्या डोळ्यांदेखत झालं नाही ते निदान वर्ष सरायच्या आत व्हावं, याचा आत्याने ध्यास घेतला होता. आणि तिनेही बुधवारच का निवडला? कारण इतर दिवशी आमच्या ओटीवर दुखवट्याची माणसं असतात. तिथे शुभकार्याचं बोलणं कसं काढणार! म्हणजे आत्याची आखणी आणि माझी आखणी अगदी एकाच पायावर उभ्या होत्या.

आता आईकडे वळते. तिला मी स्पष्ट सांगितलं होतं, आत सोडायचं नाही. तिचं म्हणणं असं पडलं की ती सूचना भेटायला येणाऱ्यांसाठी होती. बुधवारी आलेलं माणूस भेटायला आलेलं नसतं. मग ते शुभ कामाला आलेलं असणार. शुभ कामाला आलेल्याला उंबऱ्यावरून परतवायचं कसं? या तर्कात मला आजही कुठे फट सापडलेली नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. तिने पाहुण्यांना ओटीवर बसवलं, पोहे भिजवले आणि आत्याला सांगितलं की जागृती अण्णांच्या खोलीत कॉम्प्युटरवर आहे, जरा थांब.

थांबणं हे आत्याच्या रक्तात नाही. ती घराला वळसा घालून वाडीतून खिडकीपाशी आली.

मला कुजबूज ऐकू आली. "जागू. ए जागू. बाहेर ये गो, माणसं आलीत." मी हलले नाही. नजर पडद्यावरून हलवायची नव्हती. ओठ हलवायचे नव्हते. मी दगडासारखी बसले आणि मनात म्हटलं, आत्या, जा. पण कुजबूज भाग्येशलाही ऐकू गेली होती. त्याने परीक्षा मध्येच थांबवली आणि विचारलं की कोणी उत्तरं सांगतंय का. कानात काही यंत्र आहे का? केस मागे घ्या, दोन्ही कान पुन्हा दाखवा. बाह्या वर करा.

आता हे सगळं खिडकीच्या गजांतून बघा. सख्ख्या भावाचा फोटो भिंतीकडे तोंड करून लावलेला. भाची आत्याच्या हाकेला ओ देत नाही, तिच्याकडे बघतसुद्धा नाही. आणि कॉम्प्युटरमधल्या कुणा परक्या पुरुषाने हुकूम सोडला की केस सावरून आधी डावा कान दाखवते, मग उजवा, मग दंडापर्यंत हात. आत्याने जे ओळखायचं ते ओळखलं. मुलगी परस्पर ऑनलाइन स्वतःला दाखवून घेते आहे, आणि तेही असल्या जुन्या पद्धतीने!

मोडक्या कडीचं दार उघडायला तिला क्षणही लागला नाही. माझ्याशी ती बोललीच नाही. सरळ लॅपटॉपसमोर उभी राहिली.

"कोण हाय रे तू? आडनाव काय तुझं?"

भाग्येशने इंग्रजीत सांगितलं की तो वैयक्तिक माहिती देऊ शकत नाही.

"बघ," आत्या माझ्याकडे वळली, "आडनाव सांगत नाय. काय तरी लपवतोय. गाव कुठला, ते तरी विचारलंस काय? आमी इथं घरचं स्थळ घेऊन दारात उभी हाव, आन तू याला कान दाखवतेस. बापाला भिंतीला लावून."

मी म्हटलं, आत्या, ही परीक्षा आहे. आत्या म्हणाली, माझी पण घेतली होती, अंगणात, मला नको सांगू परीक्षा. भाग्येश तिकडून नियम वाचून दाखवत होता: खोलीतल्या दुसऱ्या व्यक्तीने ताबडतोब बाहेर जावं. आत्याने त्याला सुनावलं की हे माझ्या भावाचं घर आहे, बाहेर जायचं तर तू जा. खरं तर दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

आवाज ऐकून पुष्पलताबाई आणि मितेश दारात आले. पुष्पलताबाईंनी खोलीकडे, उलट्या फोटोकडे आणि वर केलेल्या माझ्या बाह्यांकडे पाहिलं आणि मितेशच्या हातातल्या पुड्याची सुतळी पुन्हा घट्ट केली. मितेश मात्र पुढे आला. तो तारापूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघतो, हे मला आत्याने नंतर सांगितलं. त्या वेळी त्याने ते स्वतःच दाखवून दिलं. त्याने मान वाकडी करून पडद्यावरचा प्रश्न वाचला. बाकी सगळ्या रांगा सुरळीत चालू आहेत आणि एकच रांग तुंबत चालली आहे, तर आधी काय कराल?

"यात काय आहे," तो म्हणाला, "रांगा वाढवा. तिसरा पर्याय."

लग्नाच्या बाजारात उभं केलं, चालेल. परीक्षेचा विचका केला, तोही गिळला असता. पण उत्तर चूक होतं! शांत बसणं मला जमायला हवं होतं. जमलं नाही. मी त्या माणसाला, जो मला बघायला आला होता, कॅमेऱ्यासमोर, ओठ अगदी व्यवस्थित हलवून सांगितलं की एकच रांग तुंबते याचा अर्थ सगळे निरोप एकाच नावावर येताहेत. आणखी शंभर रांगा उघडल्या तरी ते सगळे त्याच एकीच्या डोक्यावर पडणार. आधी ते एका ठिकाणी का साचतात ते बघायचं. तो म्हणाला, आमच्याकडे वाढवतात. मी म्हटलं, म्हणूनच तुमच्याकडे तुंबतं. पुष्पलताबाई मुलाला म्हणाल्या, चल.

आणि तेवढ्यात आई आत आली.

तिच्या हातात पोह्यांची ताटली होती. ती तिने टेबलावर ठेवली, जिथे काहीही ठेवायला बंदी होती. मला वाटलं ती आत्याला समजवायला आली. ती माझ्या खुर्चीशेजारी अण्णांच्या पलंगावर बसली आणि पदर सारखा करून कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागली. आवाज न चढवता, सोसायटीतल्या साहेबाशी बोलावं तशी.

"साहेब, पास तुमीच करणार ना हिला? मग एक ऐका. ही पास झाली तर इथंच राहणार हाय. माझ्यासाठी म्हणते. मला कोणी विचारलं नाय. माणसं येतात, त्यांचं नाव काढतात. तेवढा वेळ ते घरात हायत असं वाटतं मला. ही आत बसलेली असते म्हणून माणसं आवाज खाली करतात, लवकर उठतात. ही रडत नाय. मग मला पण रडता येत नाय. हुशार हाय ती, तिला पास करा. पण इथं ठेवू नका."

आत्याने तोंडाला पदर लावला. मितेश दारातल्या चपलांकडे बघत होता.

लॅपटॉपमधून आवाज आला, आणि तो स्वच्छ मराठीत होता.

"काकू, माझ्या हातात काही नसतं. मी फक्त बघायला बसलेलो असतो." मग मला म्हणाला, "ताई, मला परीक्षा बंद करावी लागतेय. माफ करा."

पडदा काळा झाला. म्हणजे त्या माणसाला पहिल्यापासून सगळं कळत होतं! आत्याचं आडनाव विचारणं, कान, भिंतीला लावलेला बाप, सगळं. आणि तो इंग्रजीत नियम वाचत बसला होता. मला त्याचा इतका राग आला की आईकडे बघावं लागलं नाही, हे एक बरं झालं.

मी खुर्चीवर चढून अण्णांना सरळ केलं. मग आम्ही सगळ्यांनी पोहे खाल्ले, कारण केलेले होते. पुष्पलताबाईंनी पोह्यांचं कौतुक केलं, माझं केलं नाही. जाताना पुडा ठेवून गेल्या, तेवढी माणुसकी होती. आत्या रिक्षात बसेपर्यंत एकच म्हणत होती, काही म्हण, त्या मेल्याने आडनाव शेवटपर्यंत सांगितलं नाय. मितेशने पुढे आत्याच्या मोबाईलवर कुठल्याशा पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवला, आपलंच उत्तर बरोबर होतं हे दाखवायला. ते पान दुसऱ्याच प्रश्नाचं होतं. हे मी कळवलं नाही. कळवावंसं फार वाटलं.

त्या दुपारी मी परीक्षा घेणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. मी पत्रं चांगली लिहिते. संतापात तर फारच चांगली. ज्या घरात माणूस गेलंय त्या घरातल्या भिंतीवरचा त्याचा फोटो तुम्हाला घुसखोर वाटतो, ज्या घरात दार लावून बसणं हा अपमान असतो तिथे तुम्ही रिकामी खोली मागता, वगैरे. चार दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी माझ्या भावनांबद्दल एक छापील वाक्य लिहिलं होतं. मग पुढे: मराठी जाणणाऱ्या तपासनिसाने ध्वनिमुद्रण ऐकलं असून उमेदवाराला खोलीत उपस्थित पुरुषाकडून मदत मिळाल्याचं आढळतं, परंतु ती मदत उमेदवाराच्या उपयोगाची नव्हती. त्यामुळे कॉपीचा आरोप मागे घेऊन महिनाअखेरच्या आत फेरपरीक्षा मंजूर करण्यात येत आहे, मात्र ती केंद्रावर येऊन द्यावी.

केंद्र बोईसरला होतं, एका कॉम्प्युटर क्लासच्या काचेच्या खोलीत. बाहेर ट्रकवाल्यांचं हिंदीत भांडण चालू होतं आणि आत कारखान्यांचा वास येत होता. कोणी माझे कान बघितले नाहीत. मी पास झाले, चांगल्या गुणांनी.

घरी येऊन आईला सांगितलं. ती ओटीवर विड्याची पानं निवडत बसली होती, सोबत शेजारची जमुनाकाकी. आई म्हणाली, बरं झालं. मग विचारलं, आता कायमचं घरून काम?

"हो."

"कुठलं घर, ते कंपनी सांगते काय?"

मी म्हटलं, नाही, ते काही सांगत नाहीत.

"मग पुण्याचं घे," ती म्हणाली आणि पुढचं पान उचललं. "शनिवारी ये. यायच्या आधी फोन कर, म्हणजे माणसं असली तर सांगता येईल."

जमुनाकाकीने मान वळवून सुपारीच्या झाडांकडे बघितलं. ती हसत होती की नाही, हे मला दिसलं नाही, पण मला संशय आहे.

तर आता मी पुण्यात आहे. भाड्याच्या खोलीतून चार दिवस काम करून बघितलं. भिंती इतक्या गप्प होत्या की पाचव्या दिवशी मी उठून ऑफिसात गेले. माझ्या नव्या टीममधले बाकी सगळे आपापल्या घरून काम करतात. कायम घरून काम करण्याचा हक्क आमच्यात सर्वांत कष्टाने मी मिळवला, आणि त्या अख्ख्या मजल्यावर रोज येणारी मी एकटीच. परवा तिथल्या वॉचमनने न राहवून विचारलं की मॅडम, तुम्हाला घर नाही का?

मी म्हटलं, आहे. पण तिथे आधी फोन करून जावं लागतं.